दोन पोलिसांच्या जोडीचे सिनेमे: केस विसरतो, भांडणं लक्षात राहतात. असं का होत असेल?

निशाचर_ठाणे

सध्या रोज रात्री जेवणं उरकली की मी आणि धाकटा भाऊ जुने इंग्रजी पोलिसी सिनेमे लावून बसतो. एक अंगावर येणारा, एक सुतासारखा सरळ, दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही आणि शेवटी दोघं खांद्याला खांदा लावून गोळ्या झाडतात, त्या जातीचे. '४८ अवर्स', 'बेव्हर्ली हिल्स कॉप', 'लीथल वेपन'चे चारही भाग आणि 'रश अवर' असे एकामागून एक झाले.

परवा भावाने सहज विचारलं, "पहिल्या 'लीथल वेपन'मध्ये केस नक्की काय होती रे?" मला हेरॉइन आठवलं, व्हिएतनाममधून परतलेले भाडोत्री सैनिक आठवले, आणि पुढे गाडी अडली. पण त्यातला वयस्क पोलीस मर्टॉ पन्नासाव्या वाढदिवसाला बाथटबमध्ये बसलाय आणि अख्खं घर केक घेऊन आत घुसतं, ते जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्याचा बेफाम जोडीदार रिग्जचा समुद्रकाठचा ट्रेलर, त्याचा कुत्रा, दोघांची चौकीतली पहिली झटापट, सगळं क्रमाने सांगता येईल. 'रश अवर'मध्येही तेच. अपहरण कुणी आणि कशासाठी केलं ते धूसर झालंय, पण जॅकी चॅनने गाडीतला रेडिओ बदलला आणि ख्रिस टकर भडकला, ते पाठ आहे.

"विरुद्ध स्वभावांची गंमत" हे उत्तर मला पुरत नाही. विरुद्ध स्वभावांच्या जोड्या शेकडो सिनेमांत असतात, त्यातल्या निम्म्या कंटाळा आणतात. दोन बँक कारकून का नाही? पोलिसांच्या जोडीतच असं काय आहे, की गोळीबार, पाठलाग, खलनायक सगळं गळून जातं आणि दोघांची कटकट तेवढी उरते? ज्यांनी या सिनेमांवर मनापासून प्रेम केलंय त्यांनी लिहा.

---

संकलक_बाबू

मी संकलनाच्या टेबलावर बसतो, त्यामुळे मला आधी गाडी दिसते. पुढच्या सीटवर दोघं शेजारी, नजर समोर, दारं बंद. नाटकात पात्राला राग आला की विंगेत जाता येतं. इथे सिग्नल सुटेपर्यंत दोघांना एकमेकांचा श्वास ऐकावा लागतो. कॅमेऱ्यालाही दोन्ही चेहरे एका चौकटीत मिळतात, म्हणजे एक बोलत असताना दुसऱ्याचं ऐकणं दिसतं. विनोद बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जास्त पिकतो. अशा प्रसंगात कट जितके कमी, तितकी मजा जास्त, हे माझं अनुभवाचं मत आहे.

इतिहासाचं म्हणाल तर बीज जुनं आहे. कुरोसावाच्या १९४९ च्या 'स्ट्रे डॉग'मध्ये टोकियोतल्या उकाड्यात तरुण मिफुने आपलं चोरीला गेलेलं पिस्तूल शोधत फिरतो आणि अनुभवी शिमुरा त्याला आवरत राहतो. १९६७ च्या 'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये सिडनी पॉटिए आणि रॉड स्टायगर, काळा आणि गोरा पोलीस, मिसिसिपीतल्या गावात एकमेकांना नाइलाजाने सहन करतात. दोन्ही गंभीर सिनेमे आहेत. त्यात हसू मिसळून पक्का साचा बसवला तो १९८२ मध्ये वॉल्टर हिलने, '४८ अवर्स'मध्ये. एडी मर्फीचा तो पहिलाच सिनेमा, वय २१. समोर निक नॉल्टी, कायम झोप न झालेल्या माणसाच्या चेहऱ्याचा. मर्फीच्या तोंडाला नॉल्टीचा चेहरा मिळाला नसता तर ते नुसतं एकपात्री झालं असतं.

आपल्याकडे १९९४ च्या 'मैं खिलाडी तू अनाडी'मध्ये अक्षय कुमारच्या इन्स्पेक्टर करण जोगळेकरच्या गळ्यात सैफचा सिनेमानट पडतो, आणि १९९८ मध्ये अमिताभ-गोविंदाची पोलीस जोडी आली. मराठीत महेश कोठारेंचा इन्स्पेक्टर आणि सोबत धांदरट लक्ष्या हे समीकरण 'झपाटलेला'त आहेच, पण तिथे लक्ष्या पोलीस नाही, संकटात सापडलेला दोस्त आहे. ती गंमत वेगळी.

---

गस्तवाला

मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरी बरीचशी सोलापूर जिल्ह्यात, शेवटची काही वर्षं पुण्यात. हे सिनेमे मी केबलवर हिंदीत बघितले, नंतर मुलीने मूळ इंग्रजीत दाखवले. संकलक_बाबूंचा गाडीचा मुद्दा मला शंभर टक्के पटला. आमच्याकडे गाडी म्हणजे बहुतेकदा मोटारसायकल, तरी गोष्ट तीच.

पहिली बाब अशी, की जोडीदार आपण निवडत नाही. हजेरी मास्तर ड्यूटी लावतो. नावापुढे नाव लागलं की बारा तास तोच माणूस. मर्टॉला रिग्ज नको असतो, जॅकी चॅनच्या लीला तर केसबाहेर ठेवण्यासाठीच ख्रिस टकरच्या कार्टरच्या गळ्यात मारलेलं असतं. यात मैत्रीचा संबंध नसतो, कामाचा असतो. म्हणून "दोन बँक कारकून का नाही" याचं उत्तर सोपं आहे. बँकेत शेजारच्या काउंटरवरचा माणूस नावडता असला तर संध्याकाळी आपण घरी जातो. इथे नावडत्या माणसाच्या भरवशावर अंधारात दार ढकलायचं असतं.

माझा एक जोडीदार होता, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. अखंड बडबड. पानटपरीवाल्याशी, कुत्र्यांशी, वायरलेसवर कंट्रोलशी. आणि मी सगळं लिहून ठेवणारा, म्हणून तो मला "रायटर" म्हणायचा, चिडवायला. रात्रगस्तीला आमची कशावरूनही जुंपायची. गाडी कुणी चालवायची, चहा आधी की पॉइंट, म्हणजे नेमून दिलेली पहाऱ्याची जागा, आधी.

एका रात्री कॉल आला. गावाबाहेरच्या वस्तीवर एक माणूस दारू पिऊन कोयता घेऊन दारात बसलाय, आत बायको आणि पोरं कोंडलीत. आम्ही गाडी लांबच बंद केली. अण्णा थेट पुढे गेला, त्याच्यापासून पाच-सहा हातांवर बांधावर बसला आणि गोठ्यातल्या म्हशीकडे बघत म्हणाला, "पावनं, दूध किती देती ओ म्हस?"

तो माणूस तारवटलेल्या डोळ्यांनी बघत राहिला. मग म्हणाला, "सकाळचं पाच. सांजचं चार."

"पाच? ह्या वाळक्या अंगाला पाच लिटर? कुणाला सांगता राव."

झालं. बायकोवरचा राग बाजूला राहिला आणि गडी म्हशीचा मान राखायला लागला. पेंड कुठली घालतो, वैरण कुठून आणतो, सगळं सांगताना कोयत्याचा हात गुडघ्यावर उतरला. एवढ्यात अण्णाने आवाज किंचित खाली आणला. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. मी तोपर्यंत गोठ्याच्या मागून आलो होतो, मनगट धरलं, अण्णाने कोयता काढून घेतला. कुणाला ओरखडा नाही.

आता सांगतो मला या सिनेमांत काय दिसतं. अण्णाचा आवाज खाली गेला म्हणजे "आता ये", हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. रात्रीमागून रात्री त्याची वटवट ऐकून, त्याच्याशी भांडून, ते माझ्या कानात बसलं होतं. सिनेमातली गाडीतली भांडणं म्हणजे हीच तालीम आहे. प्रेक्षकही त्या तालमीला हजर असतो, म्हणून पुढे गोळीबारात एकाने नुसती मान वळवली तरी दुसरा काय करणार हे आपल्याला कळतं आणि आपण खुर्चीत पुढे सरकतो. 'रश अवर'मध्ये हॉटेलबाहेर पाळत ठेवताना ली कार्टरला समोरच्याच्या हातातलं पिस्तूल हिसकावायचं कसब शिकवतो आणि कार्टर लीला नाचायला. बघताना तो टाइमपास वाटतो. खरं तर त्या दोघांच्या कामाचा पाया तिथे पडतो. निशाचर, तुम्हाला भांडणं आठवतात कारण सिनेमाचा खरा माल तोच आहे. केस ही फक्त दोघांना एकत्र डांबायची सोय.

पण जोडी पक्की होते ती गोळीबारात नाही. ती साहेबांच्या केबिनमध्ये होते. हे माझं ठाम मत आहे आणि याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून लांबण लावतोय.

'४८ अवर्स'मध्ये नॉल्टीचा केट्स मर्फीच्या रेजीला अख्खा सिनेमाभर टाकून बोलतो, गल्लीत त्याच्याशी मारामारी करतो, रंगावरून शिव्या देतो. मग कॅप्टन सगळ्यांदेखत दोघांना फाडून खातो, रेजीचा पाणउतारा करतो, आणि केट्स पहिल्यांदा रेजीच्या बाजूने उभा राहतो. आपल्याच वरिष्ठाला सुनावतो, की या माणसात तुम्हाला वाटतं त्याहून जास्त अक्कल आणि धमक आहे. त्या क्षणानंतरची त्यांची भांडणं ऐका, शब्द तेच, पण विष गेलेलं असतं.

'बेव्हर्ली हिल्स कॉप' तर या बाबतीत एखाद्या धड्यासारखा बांधलाय. डेट्रॉइटचा एक्सल फोली मित्राच्या खुनामागे त्या श्रीमंत गावात येतो, तिथले पोलीस टॅगर्ट आणि रोझवूड त्याच्यावर पाळत ठेवतात. हा त्यांना हॉटेलातून गाडीत जेवण पाठवतो आणि त्यांच्या सायलेन्सरच्या नळीत केळी कोंबून पसार होतो. नंतर तिघं एका भानगडीत सापडतात. लेफ्टनंट बोगोमिलसमोर एक्सल फर्मास थाप रचतो, या दोघांना हिरो ठरवणारी. ते दोघं मात्र खरं सांगून टाकतात. एक्सलला कळेनासं होतं की ही कुठली माणसं. आणि शेवटी, बंगल्यातल्या चकमकीनंतर चीफ जाब विचारतात, तेव्हा नियमावर बोट ठेवणारा खुद्द बोगोमिल तोंडावर सुरकुती न आणता गोष्ट रचून सांगतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा टाळी वाजवली होती. चार माणसांची टोळी त्या एका जबाबाने जुळते.

आमचंही तसंच झालं. गस्तीवर असताना एसटी स्टँडवर एक म्हातारी शेवटची गाडी चुकून बसली होती. अण्णा म्हणाला हिला घरी सोडतो. मी म्हटलं, पॉइंट सोडू नको, चेकिंग आहे. तो गेलाच. नेमके साहेब आले, पॉइंटवर एकच माणूस. सकाळी केबिनमध्ये विचारलं, "कुणाची अक्कल ही?" अण्णा तोंड उघडणार, त्याआधी मी म्हणालो, "दोघांची, सर." दोघांनाही सारखंच झापलं, दोघांनाही जादा रात्रपाळी लागली. त्या दिवसापासून अण्णाने मला रायटर म्हणणं सोडलं.

---

वकीलबाई_औरंगपुरा

काका, म्हशीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. किती जीव वाचले त्या बडबडीने. पण केबिनच्या मुद्द्यावर माझा तुमच्याशी वाद आहे, आणि तो मी प्रेमानेच घालते आहे, कारण हे सिनेमे मलाही आवडतात.

मी फौजदारी वकिली करते. तुम्ही सांगितलेल्याच सिनेमात आणखी एक जागा आहे. टॅगर्ट चौकीत एक्सलच्या पोटात ठोसा मारतो. बोगोमिल एक्सलला विचारतो, तक्रार द्यायची आहे का? एक्सल म्हणतो, आमच्याकडे पोलीस पोलिसावर तक्रार करत नाहीत. थिएटरात हे मर्दानी वाटतं. माझ्या अशिलाला कोठडीत मारहाण होते आणि चार पोलिसांचे जबाब स्वल्पविरामासकट सारखे येतात, तेव्हा मला हेच वाक्य आठवतं. साहेबांसमोर जोडीदाराची बाजू घेणं हा मैत्रीचा कळस असेल, तर मार खाणाऱ्याने कुणाकडे बघायचं?

आणखी एक. या सिनेमांत दारं वॉरंटशिवाय फोडली जातात, साक्षीदाराला गच्चीवरून लोंबकळवतात, आणि आपण हसतो. हसण्याने त्या गोष्टी हलक्या होतात. मला 'द हीट' (२०१३) जास्त आवडतो त्याचं अर्धं कारण सँड्रा बुलक आणि मेलिसा मकार्थी आहेत. पुरुषांनी तीस वर्षं वापरलेला साचा त्या दोघी स्वतःच्या अंगाला बसवून घेतात. एफबीआयची बुलक हुशार आहे पण ऑफिसात तिला कुणी जवळ करत नाही, बोस्टनच्या मकार्थीने सख्ख्या भावाला तुरुंगात घातलंय म्हणून घरचे तिच्यावर उखडलेत. आपल्या माणसालाही कायदा लावल्याची किंमत तिने मोजलेली आहे. अर्थात त्यातही संशयितांना धाकदपटशा आहेच, तो मला खटकतो.

---

गस्तवाला

वकीलबाई, तुम्ही म्हणता तसे जबाब मी पाहिलेत. स्वल्पविरामासकट, अगदी खरं. म्हणून उत्तर विचार करून देतो.

"दोघांची" म्हणताना मी शिक्षेतला अर्धा वाटा उचलला. कुणाचं नुकसान झाकलं नाही. म्हातारी घरी पोचली होती, आणि पॉइंट सोडला ही गोष्ट स्टेशन डायरीत माझ्याच अक्षरात आहे. कोठडीत कुणावर हात टाकला गेला असता आणि साहेबांनी विचारलं असतं, तर माझ्या तोंडून "दोघांनी" आलं नसतं, आणि अण्णालाही ते माहीत होतं. जोडीदाराची बाजू घेणं म्हणजे त्याच्याबरोबर ओरडा खाणं. त्याच्या हातून मार खाल्लेल्या माणसाला खोटं पाडणं याला आमच्या लेखी वेगळं नाव आहे, आणि ते नाव चांगलं नाही. एक्सलचं ते वाक्य मलाही आवडत नाही.

पण तुमच्या प्रश्नाला हात घालणारा सिनेमा याच जातीत आहे, 'हॉट फझ', २००७ चा, एडगर राइटचा. शेवट सांगतोय, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

लंडनचा निकोलस एंजल नियमाने चालणारा, इतका की बाकीचे त्याच्यापुढे फिके पडतात, म्हणून त्याला सँडफर्ड नावाच्या खेड्यात धाडतात. तिथे जोडीदार मिळतो डॅनी, इन्स्पेक्टरसाहेबांचाच मुलगा, पोलिसी सिनेमे बघून वेडा झालेला. सुटलेला राजहंस पकडायला दोघं धावतात. हळूहळू कळतं की गावातले "अपघात" अपघात नाहीत. "आदर्श गाव" हा किताब टिकवण्यासाठी गावची प्रतिष्ठित मंडळीच माणसं मारतात, आणि त्यांचा म्होरक्या डॅनीचा बाप आहे. सगळं गाव एकमेकांना झाकतंय. तुमचे स्वल्पविराम तिथे आहेत, वकीलबाई. आणि डॅनीला निवडायचं असतं, बाप की जोडीदार. सुरुवातीला हाच डॅनी केचपची पुडी फोडून डोळ्यात काटा खुपसल्याची थट्टा करतो, एंजल दचकतो. पुढे गावकऱ्यांदेखत एंजलला भोसकायची वेळ येते, तेव्हा डॅनी सुरी त्याच्या खिशातल्या नोंदवहीत खुपसतो आणि केचप फोडतो. त्या पोरकट थट्टेवर एका माणसाचा जीव वाचतो. आणि नोंदवहीवर, हे मी जरा अभिमानाने लिहितो.

डॅनीची निष्ठा खात्याशी नाही, बापाशी नाही. खरं बोलणाऱ्या माणसाशी आहे. या जातीचे उत्तम सिनेमे मला याच कसोटीवर उत्तम वाटतात. 'लीथल वेपन'मध्येही रिग्जची बेफिकिरी मर्टॉला आवडत नाही. पोहण्याच्या तलावाजवळच्या प्रसंगात मर्टॉ संशयिताच्या पायावर गोळी मारतो, कारण त्याला माणूस जिवंत हवाय, साक्ष हवी आहे. रिग्जने आल्यापासून माणसं मारलीत याबद्दल तो त्याला सुनावतो. हसवणाऱ्या सिनेमात ही टोचणी असते, म्हणून तो पोकळ वाटत नाही. जिथे टोचणी काढून नुसता दांडगावा ठेवतात, ते सिनेमे मी अर्ध्यात बंद करतो.

---

संकलक_बाबू

काकांनी रिग्ज काढलाच आहे तर एक जोडतो. शेन ब्लॅकने ती पटकथा लिहिली तेव्हा तो विशीत होता, आणि त्याने रिग्जला आत्महत्येच्या काठावर उभं केलं. बायको गेलेली, स्वतःसाठी एक गोळी राखून ठेवलेली. शेवटी नाताळच्या दिवशी तो ती गोळी मर्टॉच्या मुलीच्या हातात देतो, बाबांना दे म्हणतो. मग मर्टॉ त्याला जेवायला आत ओढतो, कुत्र्यासकट. अख्ख्या सिनेमात मर्टॉच्या बायकोच्या स्वयंपाकाची थट्टा चालते, आणि तोच स्वयंपाक रिग्जला जगण्याचं कारण म्हणून मिळतो. हे कुठल्याही रडवणाऱ्या सिनेमाने सरळ दाखवलं असतं तर मी तोंड फिरवलं असतं. विनोदामुळे ते पोचतं.

---

निशाचर_ठाणे

सगळ्यांचे आभार. आजच भावाला हे वाचून दाखवलं. आज रात्री 'बेव्हर्ली हिल्स कॉप' पुन्हा लावतोय, केबिनसाठी. काका, अण्णांना हे सिनेमे आवडायचे का? आणि आम्ही नेमकं काय बघावं?

---

गस्तवाला

अण्णाला गोळीबार आवडत नाही, आवाज कमी करतो. जॅकी चॅन मात्र हातातलं काम टाकून बघतो, कारण तो शिडी, खुर्ची, जे सापडेल ते वापरतो आणि लागलं की त्याला खरंच लागतं. 'रश अवर'च्या शेवटी फसलेले शॉट दाखवतात, ते अण्णाला मुख्य सिनेमाइतकेच प्रिय.

तुम्ही आज एक्सलकडे बघू नका, तो लक्ष वेधून घेणारच. टॅगर्टकडे बघा. जॉन अ‍ॅश्टन हा नट आहे. आधी जेवणाची ट्रे गाडीच्या खिडकीशी येते तेव्हाचा त्याचा चेहरा, मग बोगोमिलसमोर खरं सांगतानाचा, आणि शेवटी बोगोमिल चीफसमोर गोष्ट रचत असताना हा शेजारी उभा असतो तेव्हाचा. तिन्ही ठिकाणी आवाज बंद करून बघितलंत तरी चालेल. आणि भाऊ पुन्हा केस विचारायला लागला तर त्याला सांगा, चोरटे बेअरर बाँड होते, म्हणजे ज्याच्या हातात त्याच्या मालकीचे रोखे.